मुलांच्या पायाचं माप घरच्या घरी कसं घ्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुटांबद्दल सगळ्यात जास्त येणारा प्रश्न म्हणजे "माझ्या मुलाला कितीचा नंबर घेऊ?" आणि त्याचं खरं उत्तर आहे की नंबर नंतर बघू, आधी मिलिमीटर सांगा. खालचे सगळे प्रश्न या ना त्या रूपात सारखे येत असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलेत. एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिलाय.

१. घरी घेतलेलं माप खरंच भरवशाचं असतं का, की दुकानातच जायला हवं?

असतं, पाच मिनिटं शांतपणे दिली तर. दुकानात ते धातूचं सरकणारं यंत्र असतं ना, ब्रॅनक डिव्हाइस, जे १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनक यांनी बनवलं, ते तीन गोष्टी मोजतं: टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी. यातली पहिली आणि तिसरी घरी आरामात मोजता येते आणि मुलांच्या बुटासाठी बहुतेक वेळा तेवढं पुरतं. उलट घरी एक फायदा आहे, मूल बिचकलेलं नसतं आणि चुकलं तर परत मोजता येतं.

२. मग पद्धत सांगा ना, अगदी पहिल्यापासून.

कडक फरशी हवी, गालिचा किंवा चटई नको. भिंतीला टेकवून एक जड खोका किंवा जाडजूड पुस्तक उभं ठेवा (भिंतच का नाही ते प्रश्न ३ मध्ये). त्याच्या पायथ्याशी कागदाची कड अगदी चिकटवून लावा आणि कागद टेपने फरशीला डकवून टाका, नाहीतर तो सरकतोच. मुलाला अनवाणी उभं करा, टाच खोक्याला हलकेच टेकलेली, दोन्ही पायांवर सारखं वजन, नजर समोर. खाली वाकून बघायला लागलं की वजन पुढे जातं आणि बोटं आखडतात, म्हणून समोर कुणीतरी उभं राहून गप्पा मारलेल्या बऱ्या. आता कंपासपेटीतला गुण्या किंवा छोटी डबी सरळ उभी धरून सगळ्यात लांब बोटाला जेमतेम टेकेपर्यंत सरकवा, दाबायचं नाही, आणि तिथे कागदावर रेघ मारा. दुसऱ्या पायाचंही तसंच. मग कागदाच्या कडेपासून रेघेपर्यंत मोजायचं.

हे सगळं तीनदा करा. तिन्ही आकडे २ मिलिमीटरच्या आत आले तर मधला आकडा धरा, जास्त फरक आला तर कुठल्या तरी वेळी टाच सुटली होती किंवा बोटं वाकली होती असं समजा.

३. पायाभोवती पेन्सिल फिरवून आउटलाइन काढली तर चालत नाही का? आम्ही तर लहानपणापासून तसंच करतो.

चालतं पण चुकतं. पेन्सिल आत तिरकी गेली तर पाय लहान दिसतो, बाहेर कलली तर मोठा, आणि पेन्सिलची स्वतःची जाडी असते ती दोन्ही टोकांना मिळून सहज काही मिलिमीटर वाढवते. ऐकायला किरकोळ वाटतं पण ब्रिटिश पद्धतीचा अर्धा नंबर म्हणजे फक्त ४.२ मिलिमीटर, त्यामुळे एवढ्यात नंबर बदलतो. आउटलाइन रुंदीचा अंदाज घ्यायला मात्र छान, तिचा उपयोग प्रश्न १२ मध्ये आहे.

आणि भिंतीबद्दल: बऱ्याच घरात भिंतीच्या खाली स्कर्टिंगची टाइल असते, ती भिंतीपेक्षा थोडी पुढे आलेली असते आणि तिची कड बऱ्याचदा गोलाई दिलेली असते. कागद भिंतीपासून धरला आणि टाच स्कर्टिंगला टेकली की घोळ. म्हणून मध्ये खोका.

४. पट्टीने मोजलं तर १५.१ आणि टेपने मोजलं तर १५.५, खरं कुठलं?

पट्टीचं टोक बघा. प्लास्टिकच्या बहुतेक पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, आधी ३-५ मिलिमीटर कोरी जागा असते. पट्टी थेट खोक्याला भिडवून उभ्या पायाशेजारी ठेवली की ती कोरी जागा मापातून गायब होते आणि पाय आहे त्यापेक्षा लहान येतो. कागदावर रेघ मारून मग शून्यापासून मोजा, हा प्रश्नच येत नाही. कापडी टेप (शिलाईचा) वापरून वापरून ताणलेला असतो, तो लांबीला नको, चवड्याचा घेर मोजायला ठीक.

५. बसवून मोजलं तर? झोपेत मोजलं तर? आमचं ध्यान उभंच राहत नाही.

उभ्यानेच मोजायचं, कारण अंगाचं वजन आलं की तळव्याची कमान थोडी दबते आणि पाय लांबीला आणि रुंदीला पसरतो. बसून किंवा झोपेत घेतलेलं माप काही मिलिमीटर कमी येतं, आणि किती कमी ते प्रत्येक मुलाचं वेगळं, त्यामुळे "त्यात अमुक मिळवा" असा फॉर्म्युला सांगण्यात अर्थ नाही.

उभं न राहणाऱ्यांसाठी एक युक्ती: पुठ्ठ्यावर दोन पावलं काढा आणि "याच्यावर पाय ठेवून पुतळा हो" असा खेळ करा, किंवा आधी बाहुलीचं माप घ्या, मग ताईचं, मग आपोआप "आता माझं" येतं. एकदम छोटं असेल तर एकाने मांडीवर धरून पाय फरशीवर टेकवायचा आणि दुसऱ्याने गुडघ्यावर हलका दाब द्यायचा, हे उभ्याच्या जवळपास जातं. तेही नाही जमलं तर सरळ प्रश्न १० मधली आतला सोल काढून बघायची पद्धत वापरा.

६. सकाळी मोजायचं की संध्याकाळी? आणि सॉक्स घालून की न घालता?

दुपारनंतर, म्हणजे खेळून वगैरे झाल्यावर. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो. माप अनवाणीच घ्या म्हणजे दर वेळची तुलना होते, आणि बूट घालून बघताना मात्र जे सॉक्स रोज असणार तेच घाला, जाड लोकरी सॉक्सची मोकळी जागा वेगळी धरावी लागते. आणि मोजायच्या आधी नखं कापा हो. अंगठ्याचं वाढलेलं नख गुण्याला आधी लागतं आणि आपण नखाचं माप घेऊन बसतो, आमच्याकडे झालंय हे.

७. डावा पाय १६.१ आणि उजवा १६.४ आला. माझं चुकलं का? आणि दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे ते चालतं का?

चुकलं नाही, दोन पायांत थोडा फरक बहुतेकांना असतो. बूट नेहमी मोठ्या पायाचा घ्यायचा, लहान पाय सैल वाटला तर त्या बुटात पातळ इनसोल टाकता येतो, पण घट्ट बूट मोठा करता येत नाही. फरक पूर्ण एका नंबरच्या वर असेल किंवा आधी नव्हता आणि आता वाढत चाललाय असं दिसलं तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरं बोट लांब असणं अगदी सर्रास आहे. फक्त रेघ "अंगठ्याला" नाही, "सगळ्यात लांब बोटाला" मारायची, आणि निमुळत्या टोकाचे बूट अशा पायाला टाळायचे.

८. बुटात पुढे किती जागा सोडायची? कुणी बोटभर म्हणतं, कुणी अंगठाभर.

कुणाचं बोट? तिथेच तर गोची आहे. आकडाच धरा: नवीन बूट घेताना सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण १० ते १२ मिलिमीटर. यातली थोडी जागा वाढीसाठी आणि थोडी चालण्यासाठी लागते, कारण पाऊल टाकताना पाय बुटात पुढे सरकतो आणि लांबतो. म्हणून वाढ थांबलेली असली तरी पुढे अगदी शून्य जागा कधीच नको. ही जागा ५-६ मिलिमीटरवर आली की नवीन जोड बघायला लागा, बोटं टोकाला भिडेपर्यंत थांबू नका.

म्हणजे तीन आकडे झाले: पायाची लांबी, बुटाची आतली लांबी आणि मधली मोकळी जागा. पाय १५ सेंटिमीटर असेल तर बूट आतून १६ ते १६.२ हवा. बस. नंबर हा या तिघांनंतर येतो.

९. ठीक, सेंटिमीटर मिळाले. आता नंबर कसा काढू?

युरोपियन नंबरात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, ६.६७ मिलिमीटर. म्हणून आतली लांबी सेंटिमीटरमध्ये घेऊन दीडने गुणायचं. वरचं उदाहरण: १६.२ गुणिले १.५ म्हणजे २४.३, म्हणून २४ किंवा २५ पासून बघायला सुरुवात करा.

ब्रिटिश नंबरात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण ८.५ मिलिमीटर. मुलांचा शून्य नंबर ४ इंचांवर सुरू होतो, १३ पर्यंत जातो आणि मग परत १ पासून मोठ्यांचे नंबर चालू. म्हणजे "१ नंबर" तान्ह्या बाळाचाही असतो आणि शाळकरी पोराचाही, ऑनलाइन ऑर्डर करताना याच्यावरून लोक किती फसतात विचारू नका. आपलं १६.२ सेंटिमीटरचं उदाहरण यात ७ च्या आसपास येतं. अमेरिकन नंबर ब्रिटिशपेक्षा अर्धा ते एक नंबर जास्त असतो, आणि जपानी पद्धतीत सरळ पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहितात, खरं तर सगळ्यांनी तसंच करायला हवं होतं.

पण हे गणित फक्त कुठल्या खोक्यापासून सुरुवात करायची ते सांगतं. बूट घ्यायचा की नाही ते पुढच्या उत्तरावरून ठरवा.

१०. एकाच नंबरचे दोन बूट, एक सैल आणि एक घट्ट, असं कसं?

कारण नंबर हा ज्या साच्यावर बूट शिवला त्याचा असतो आणि साचे प्रत्येक बनवणाऱ्याचे वेगळे. त्यात कुणी वाढीची जागा धरून नंबर छापतं, कुणी धरत नाही. आतलं अस्तर जाड असेल तर तेवढी जागा कमी. म्हणून बूट आतून मोजायचा, आणि त्याला दोन उपाय आहेत.

पहिला पुठ्ठ्याच्या पट्टीचा. साधारण दोन बोटं रुंद पट्टी घ्या, लांबी मोठ्या पायाच्या मापात १२ मिलिमीटर मिळवून, आणि दोन्ही टोकं गोलसर करा. ती बुटात सपाट ठेवा. टोकाला टेकून टाचेला वाकत असेल तर बूट लहान, दोन्हीकडे बरोबर बसली तर झालं, पुढेमागे हलत असेल तर मोठा. ही पट्टी पाकिटात टाकून दुकानात नेली तर मूल बरोबर नसतानाही बूट बघता येतो. पट्टीवर तारीख लिहून ठेवा कारण दोन महिन्यांनी ती खोटी ठरते.

दुसरा, बुटातला सोल निघत असेल तर काढून त्यावर मुलाला उभं करायचं, टाच मागच्या कडेला लावून. पुढे किती उरलं आणि बाजूने पाय बाहेर येतोय का, दोन्ही एका नजरेत दिसतं. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात आवडते. फक्त काही बुटांत सोलची पुढची कड वर वळलेली असते, तिथे तो बुटाच्या आतल्या जागेपेक्षा लांब असतो, म्हणून एकदा पट्टीने ताडून बघा.

११. पण दुकानात तर बुटावरून अंगठा दाबून बघतात की. ते चूक?

त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. पुढून दाब आला की मुलं आपोआप बोटं आखडून घेतात, मग आपल्याला पुढे भरपूर जागा वाटते. शिवाय पुढचं टोक कडक असेल तर बोट लागतच नाही. "लागतंय का रे?" विचारून पण उपयोग नसतो, लहान मुलांचे पाय मऊ असतात, हाडांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो, लहान बुटातसुद्धा पाय बसतो आणि ते खुशाल "नाही" म्हणतात. त्यात बूट दिवे लागणारा असेल तर उत्तर नाहीच येणार.

१२. लांबी बरोबर आहे पण बूट वर चढतच नाही. नंबर वाढवू का?

नको, हा रुंदीचा किंवा पायाच्या वरच्या उंचीचा प्रश्न आहे. नंबर वाढवला की पाय आत जातो खरा पण बुटाची वाकायची जागा चवड्याच्या पुढे जाते आणि मूल अडखळतं. आउटलाइन काढून चवड्याचा सगळ्यात रुंद भाग मोजा, सोल काढून त्याच जागी त्याची रुंदी बघा, पाय दोन्हीकडून बाहेर येत असेल तर तो बूट अरुंद आहे. काही कंपन्या मुलांच्या बुटाला ई, एफ, जी, एच अशी रुंदीची अक्षरं देतात, पुढचं अक्षर म्हणजे जास्त रुंद. अक्षरं नसतील तर असे बूट बघा ज्यांचं तोंड खालपर्यंत उघडतं, लेस किंवा वेल्क्रोवाले. गुबगुबीत पायाला आत सरकवायचे बूट म्हणजे रोजची झटापट.

१३. किती दिवसांनी परत मोजायचं?

१ ते ३ वर्षांत पाय महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतो, ३ ते ६ मध्ये १ मिलिमीटरच्या आसपास, पुढे हळू. आता प्रश्न ८ मधले १२ मिलिमीटर आठवा, त्यातले ६ गेले की बूट बदलायचा, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचा जोड चारेक महिन्यांत संपतो. म्हणून ३ वर्षांपर्यंत दर दोन महिन्यांनी, ६ पर्यंत तीन-चार महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. वाढ सरळ रेषेत होत नाही, मध्येच महिनाभर काहीच नाही आणि मग अचानक, त्यामुळे तारीख आली नसली तरी बोटं लाल दिसली, फोड आला किंवा मूल बूट बघून पळायला लागलं तर लगेच मोजा.

१४. वाढतं अंग आहे म्हणून दोन नंबर मोठा घेतला तर? पुढच्या वर्षीपर्यंत चालेल.

कपड्यात चालतं, बुटात नाही. ढगळ बुटात पाय प्रत्येक पावलाला पुढे घसरतो, बोटं बूट पकडून ठेवायला आखडतात, टाच वरखाली होऊन सोलवटते आणि मूल पडतं. पुढे कापूस कोंबणे हा उपायही नको, त्याने बुटाची वाकायची जागा बदलत नाही. आणि पाय त्या मापाला येईपर्यंत तो बूट झिजलेला असतो, म्हणजे पैसेही वाचत नाहीत.

१५. बाळ अजून चालत नाही, त्याला कितीचे बूट घेऊ?

कितीचेच नको. घरात अनवाणी, थंडी असेल तर सैल सॉक्स (सॉक्सपण घट्ट झाले की बोटं दाबतात, हे कुणी बघत नाही). बाहेर स्वतःच्या पायाने चालायला लागलं की पहिला जोड, मऊ आणि सहज वाकणारा. तोपर्यंत फोटोपुरते घातले तर घातले.

१६. मोठ्या भावंडाचे बूट जवळजवळ नवे आहेत, माप जुळतंय, घालू का?

सोल बघा. आत पहिल्याच्या बोटांचे खळगे पडले असतील किंवा खालून टाच एका बाजूला झिजली असेल तर नको, दुसऱ्याचा पाय त्याच झिजेवर कलतो. एखाद्या समारंभापुरते घातलेले, गमबूट वगैरे चालतात. माप मात्र पट्टीने बघायचंच, आधीच्याला कुठल्या वयात आले होते त्यावरून नाही.

१७. प्रिंट काढायचा साइजचा तक्ता वापरला आणि बूट लहानच आले.

प्रिंट काढताना "पानात बसवा" हा पर्याय चालू राहिला असणार, त्याने तक्ता काही टक्के आक्रसतो किंवा फुगतो. मीही एकदा असाच अख्खा जोड परत पाठवलाय, आणि दोष तक्त्याला देत बसलो होतो. प्रिंट १०० टक्क्यावर काढा आणि तक्त्यावर छापलेली मोजपट्टी बँकेच्या कार्डाने तपासा, कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. मोबाइल ॲप पायाशेजारी ए४ कागद ठेवायला सांगतात ते त्याच कारणाने, तो २१० बाय २९७ मिलिमीटर हे पक्कं असतं. पण फोटो जरा तिरका आला की आकडा गेला, त्यामुळे ॲपचं माप हाताने एकदा ताडून घ्या.

१८. सँडल, गमबूट, फुटबॉलचे बूट, सगळ्याला तेच १२ मिलिमीटर का?

नाही. पुढून उघड्या सँडलमध्ये ५ ते ८ मिलिमीटर पुरे, जास्त ठेवलं की पुढची कड अडकून मूल तोंडावर पडतं, पण बोटं कडेबाहेर लोंबता कामा नयेत. गमबुटाला बांधायला काही नसतं त्यामुळे टाच थोडी उचलतेच, तो जाड सॉक्स घालूनच बघा आणि त्यात दिवसभर हुंदडायला देऊ नका. फुटबॉलचे बूट मुलं थोडे घट्ट मागतात, ८-१० च्या खाली जाऊ नका.

१९. तळपाय सपाट आहेत, माप वेगळं घ्यायचं का?

पद्धत तीच, फक्त उभ्यानेच घ्यायचं हे अशा पायाला जास्तच लागू (प्रश्न ५). लहानपणी तळव्यात चरबीची गादी असते त्यामुळे जवळपास सगळ्याच लहानग्यांचे पाय सपाट दिसतात, कमान साधारण सहाव्या वर्षापर्यंत दिसायला लागते. चवड्यावर उभं केल्यावर कमान दिसत असेल आणि दुखत नसेल तर सहसा काळजी नसते. दुखतंय, पाय कडक आहे, एकाच पायाला आहे किंवा मूल लंगडतंय, तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

२०. मुलीला घोट्यापर्यंतचा स्प्लिंट (पायाला बाहेरून घालायचा कडक आधार) आहे, तो बुटात बसतच नाही. माप कसं घेऊ?

स्प्लिंट घालूनच, त्यावर जे सॉक्स असतात तेही घालून, आणि लांबीबरोबर सगळ्यात रुंद जागा आणि पायाच्या पाठीवरचा घेर पण मोजा. बूट पायाचा नाही, स्प्लिंटचा घ्यायचा असं धरा. पुठ्ठ्याची पट्टीसुद्धा स्प्लिंटच्या सोलवरून कापा, वाढीची जागा स्प्लिंटमध्ये आधीच सोडलेली असेल तर १२ मिलिमीटर परत मिळवायचे नाहीत, स्प्लिंट बनवणाऱ्यांना ते विचारून घ्या. आतला सोल निघणारा बूट बघा, तो काढला की बरीच उंची मिळते. स्प्लिंट एकाच पायाला असेल तर दोन पायांना वेगळे नंबर लागू शकतात, त्यासाठी वेगवेगळ्या नंबरचे दोन बूट एका जोडीत मिळतात का ते दुकानदाराला आधी विचारा, नाहीतर दोन जोड घ्यावे लागतात.